खाडीचा पैसा खाडीतच यायला हवा

रविवारी ठाणे खाडीकाठी, भांडुपच्या पंपिंग स्टेशनकडे तिवरांच्या, म्हणजे मॅन्ग्रोव्हच्या, सफाईला गेलो होतो, ओहोटी सकाळची होती म्हणून सहालाच घर सोडलं. तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी सरळ वर येतात, झाड त्यातूनच श्वास घेतं, आणि तिथे प्रत्येक मुळाला काही ना काही अडकलेलं, दुधाची पिशवी, गुटख्याची पुडी, साडीचा फाटका काठ. एक पिशवी ओढून काढली तर खालचं मूळ काळं पडलेलं, बोटाने दाबलं तर साल सुटून हातात आली. बाजूला निवट्या, चिखलातले ते छोटे मासे, उड्या मारत होत्या. आम्ही अकरा जण, दोन तास खपलो आणि साफ झालं ते जेमतेम टू बीएचकेएवढं.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात आहे, की या कामासाठी पैसा कुठून येतो आणि जातो कुठे.

कारण पैसा आहे. जंगल तोडायची परवानगी मिळते तेव्हा प्रकल्पवाल्याला भरपाई भरावी लागते. 2016 च्या कायद्याने तो पैसा कॅम्पा फंडात, म्हणजे बदली झाडं लावायच्या निधीत, जातो, त्यातला 90 टक्के राज्यांचा, आणि 2019 मध्ये केंद्राने साठून राहिलेले 47 हजार कोटींच्या वर राज्यांना दिले. किनाऱ्यावर तर तिवरं तोडली तर तिप्पट लावा असा 2019 च्या सीआरझेडचा, म्हणजे किनारपट्टीच्या नियमावलीचा, नियम आहे. ऐकायला छान वाटतं पण लावायची कुठे? जागा नाही म्हणून उघड्या चिखलाच्या पट्ट्यात रोपं खोचली तर फ्लेमिंगो खाणार कुठे, त्यांचं सगळं पोट त्या चिखलातल्या शेवाळावर आणि बारीक जिवांवर चालतं. ठाणे खाडीला 2015 मध्ये अभयारण्य केलं, 2022 मध्ये रामसर, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, तो त्या चिखलासकट मिळालाय ना.

आणि रोप लावलं की फोटो निघतो, पण जुनं तिवर जगवायला राखणदार लागतो, बोट लागते, डिझेल लागतं, कचरा अडवायला नाल्याच्या तोंडाशी जाळी लागते आणि ती रोज साफ करणारा माणूस लागतो. माझ्या ओळखीचा एक कंत्राटी पोरगा हेच काम करायचा, तीन महिने पगार रखडला शेवटी सोडून डिलिव्हरीला लागला. भरती कधी, कुठल्या फटीतून माणसं डेब्रिज टाकायला आत येतात, सगळं त्याला पाठ होतं. तो गेला आणि ते सगळं त्याच्याबरोबर गेलं.

चांगलं काहीच झालं नाही असं अजिबात नाही. हायकोर्टाने 2005 मध्ये तोडीवर बंदी आणली, 2012 मध्ये वनखात्याचा कांदळवन (तिवरांचं जंगल) कक्ष सुरू झाला, त्यामुळेच आज एवढी तरी हिरवळ दिसतेय. मला सगळ्यात आवडते ती मच्छीमारांची योजना, जाळ्यात कासव किंवा व्हेल शार्क सापडला आणि कोळ्याने जाळं कापून तो सोडला तर जाळ्याची 25 हजारांपर्यंत भरपाई. पैसा असा थेट माणसाच्या हातात गेला की राखण आपोआप होते. परतताना जेट्टीवर एक कोळी काका जाळं शिवत बसलेले, ते म्हणाले, "पोरा, खाडी आम्हीच राखत आलोय, पण कागदावर आमचं नाव कुठंय?" मला काही बोलता आलं नाही.

म्हणून आता माहितीच्या अधिकारात अर्ज लिहायला घेतलाय, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवून ठेवलाय. तीनच प्रश्न आहेत. या खाडीतली तिवरं तोडली म्हणून किती पैसा जमा झाला. त्यातून लावलेली रोपं कुठे आहेत आणि तीन वर्षांनी त्यातली किती जिवंत आहेत. आणि राखणदारांच्या पगारावर किती गेले. तुमच्या भागातल्या खाडीसाठी कुणी टाकणार असेल तर मजकूर पाठवतो, फक्त खाडीचं नाव बदला.