नोकरी लागल्यानंतरचे सहा महिने

नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यातील गोदामांसाठी कर्णबधिर तरुणांना पॅकिंगचे काम शिकवणाऱ्या एका स्वयंसेवी संस्थेत माझे जाणे-येणे असते. बारकोड स्कॅन करणे, खोक्यावर टेप सरळ मारणे, चलनाशी माल ताडून पाहणे हे मुले पटकन उचलतात. खरी अडचण पुढेच असते. फोर्कलिफ्टचा (माल उचलून नेणाऱ्या गाडीचा) भोंगा त्यांना ऐकू येत नाही, म्हणून त्यावर लुकलुकणारा दिवा बसवावा आणि पाळीच्या सूचना फळ्यावर लिहाव्यात, एवढे सुपरवायझरला पटवण्यासाठी प्रशिक्षिकेला कितीतरी हेलपाटे घालावे लागतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखून ठेवल्या. खासगी गोदामावर तशी सक्ती नाही, त्यामुळे सारी भिस्त समजुतीवर. २०१३च्या कंपनी कायद्यामुळे मोठ्या कंपन्यांना सामाजिक दायित्वापोटी सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम खर्च करावी लागते आणि त्यातून अशा प्रशिक्षण वर्गांना पैसे मिळतातही, पण देणगीदार बहुधा प्रमाणपत्रे मोजतात (आणि समारंभाचे फोटो!). नोकरी लागल्यावर सहा महिने सुपरवायझर, मुलगा आणि घरचे यांच्यात दुवा राहणाऱ्या कार्यकर्तीचा पगार मात्र कोणत्याच रकान्यात बसत नाही. माझ्या मते निधीच्या अर्जात पहिला खर्च तोच मांडावा, वर्गातले संगणक नंतर.