मोजे कोण चढवणार?

"मोजे चांगलेच आहेत हो डॉक्टर, पण ते चढवायला सून लागते आणि सून सकाळी सातला कामाला जाते," असे म्हणत आजींनी पिशवीतून घडीही न मोडलेली जोडी काढून टेबलावर ठेवली.

घोट्याच्या आतल्या बाजूची त्वचा काळपट, टणक झालेली. म्हणजे व्हेरिकोज व्हेन्सचा आजार नुसत्या फुगलेल्या शिरांच्या पुढे गेलेला. पायावर दाब देणारे हे घट्ट मोजे सूज चढण्याआधी, सकाळी उठल्याउठल्या घालायचे असतात आणि संधिवाताने वाकड्या झालेल्या बोटांना ते ओढणे जमत नाही, हे चिठ्ठी लिहिताना कोणी विचारात घेतलेले दिसले नाही.

ब्रिटनमध्ये उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या 'नाइस' संस्थेच्या 2013 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, डॉप्लरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, मुख्य शिरेतून रक्त उलटे वाहत असल्याचे दिसले, तर आधी लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीने ती शीर बंद करण्याचा विचार करावा, ते जमत नसल्यास फोमचे इंजेक्शन, त्यानंतर शस्त्रक्रिया, आणि यांपैकी काहीच योग्य नसेल तरच केवळ मोज्यांवर भिस्त ठेवावी. आपल्याकडे मात्र बहुधा मोज्यांपासूनच सुरुवात होते, आणि तीही कित्येकदा पायाच्या धमनीतला रक्तपुरवठा न तपासता. तो फारच कमी असेल तर घट्ट मोजे अपायच करतात.

आजींच्या धमन्या उत्तम आहेत. डॉप्लर पाहून लेझरचा पर्याय समजावला. जागेवर भूल देऊन होते आणि त्याच दिवशी चालत घरी जाता येते, हे ऐकून त्यांनी पहिला प्रश्न खर्चाचा विचारला. तोवर मोज्यांऐवजी दाब देणारे वेल्क्रोचे पट्टे सुचवले आहेत, ते त्यांना स्वतःला बांधता आले.

तुमच्या घरी असे मोजे कपाटात पडून आहेत का?