कायमचा दुसरा

पाचवी ते दहावी, वर्गात माझा नंबर दुसरा. एकदाही वर नाही की खाली नाही. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागायला समितीचा फोन आला, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "पहिल्या नंबरवालीचा लेख आला का?" वय पन्नाशी ओलांडून गेलं, पण खोड जात नाही.

सातवीचं प्रगतिपुस्तक अजून माझ्याकडे आहे. सहामाहीच्या 'क्रमांक' या रकान्यात त्याला एक ठिगळ आहे. २ चा १ करायचा, तर आधी २ घालवायला हवा. वडिलांच्या दाढीचं जुनं ब्लेड घेतलं आणि हलक्या हातानं शाई खरवडायला बसलो. शाई निघाली, तिच्यामागोमाग कागदही निघाला. वडिलांनी पान उजेडाकडे धरलं, भोकातून पलीकडे पाहिलं, "दुसरा ना?" एवढंच म्हणाले आणि सही केली. वर्गशिक्षकांनी मागून कागदाचा तुकडा चिकटवला आणि त्यावर लाल शाईनं पुन्हा २ घातला, आधीपेक्षा ठसठशीत. कुणीही ओरडलं नाही. दोन फटके बसले असते तर हिशेब मिटला असता.

तिसरा येणारा माझ्याच बाकावर बसायचा. निकालाच्या दिवशी हा पठ्ठ्या उड्या मारत घरी जायचा. मार्क माझ्याहून कमी आणि आनंद दुप्पट, हे गणित मला कधी सुटलं नाही.

ते सुटलं पार नोकरीला लागल्यावर, एका लेखात. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या विजेत्यांची चित्रफीत काही अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना दाखवली आणि चेहऱ्यांवरच्या आनंदाला दहापैकी गुण द्यायला सांगितले. स्पर्धा संपल्याक्षणी रौप्यवाल्यांना सरासरी ४.८ मिळाले, कांस्यवाल्यांना ७.१. हे संशोधन १९९५ मध्ये प्रसिद्ध झालं. दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर हुकलेलं सोनं असतं, तिसऱ्याच्या डोळ्यांसमोर रिकाम्या हातानं परतलेला चौथा. (ज्युदोत तर रौप्य शेवटची लढत हरून मिळतं आणि कांस्य जिंकून!) लेख वाचून मला आधी तो बाकावरचा मित्र आठवला आणि मग ते ब्लेड.

कळलं म्हणून वळलं असं मात्र नाही. माझी मुलगी एकदा गणिताचा पेपर नाचवत आली. "बाबा, ९१!" मी विचारलं, "वर्गात सगळ्यात जास्त किती?" तिनं पेपराची घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि दप्तरात ठेवून दिला. मुलांच्या डोक्यात महत्त्वाकांक्षा आईवडील भरवतात म्हणे. माझ्या वडिलांनी हा प्रश्न मला जन्मात विचारला नव्हता. खापर फोडायला घरातलं दुसरं डोकं नाही, ते माझंच. बायकोनं त्या दिवशी मला जे सुनावलं, ते स्मरणिकेत छापण्याजोगं नाही.

गेल्या वर्षी आमच्या तुकडीचा मेळावा झाला. पहिली यायची ती भेटली. म्हणाली, "तुझी इतकी धास्ती होती ना! सुटीतच पुढच्या इयत्तेची पुस्तकं संपवायचे. निकालाच्या आदल्या रात्री झोप नसायची." ऐकून वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगतो, आतून गुदगुल्या झाल्या. जिच्याकडे सहा वर्षं मान वर करून बघितलं, ती सहा वर्षं मागे वळून माझ्याकडेच बघत होती!

मग तिनं हळूच विचारलं, "दहावीला नक्की किती होते रे तुला?" मी सांगितले. तिनं तिचे सांगितले. चार मार्कांचा फरक, दोघांनाही विषयवार पाठ. शेजारी तिसरा उभा होता. त्याला विचारलं, "आणि तुला?"

तो बराच वेळ डोकं खाजवत राहिला. त्याला आठवेचना.