पिलर जाड असून काय उपयोग, रिंगा कुठायत?

जपानमधल्या कोबेचा तो फोटो बहुतेकांनी पाहिला असेल. १७ जानेवारी १९९५, पहाटे पावणेसहाच्या सुमारास भूकंप आणि पिलरवरून जाणाऱ्या हानशिन एक्सप्रेसवेचा ६३५ मीटरचा तुकडा अख्खाच्या अख्खा कुशीवर पडलेला. बघणारा लगेच म्हणतो, काँक्रीटच भिकार असणार. मला नाही पटत, अहो ते पिलर तीन मीटरपेक्षा जाड होते! पण एका रांगेत एकेकच पिलर, वर त्याचा तो जड स्लॅब, आणि आतल्या उभ्या सळयांपैकी काही पायापासून अडीचेक मीटरवर संपवलेल्या, कारण हिशोबाने वर जोर कमी येतो ना. आडव्या रिंगा, म्हणजे उभ्या सळयांभोवती गुंडाळलेल्या सळया, तर फारच विरळ. पिलर फुटले ते नेमके सळया संपल्या तिथेच.

रिंगांना कुणी भाव देत नाही पण सगळा खेळ त्यांचाच आहे. धक्क्यांनी सळयांबाहेरचा काँक्रीटचा थर उडाला की आतला गाभा फुगायला बघतो, त्याला आवळून धरतात त्या रिंगा, आणि त्या दाट असल्या, टोकं आत वळवून नीट अडकवलेली असली तर पिलर वाकतो, भेगाळतो, पण उभा राहतो. नाहीतर उभ्या सळया बाहेरच्या बाजूला वाकतात आणि विषय संपला. आता कुठे मेट्रोचं काम दिसलं तर काँक्रीट भरायच्या आधी पिलरचा सांगाडा बघा, खाली पायाजवळ रिंगा किती दाट असतात ते.

कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा दुमजली सायप्रस व्हायाडक्ट, म्हणजे लांबलचक उड्डाणपूल, १७ ऑक्टोबर १९८९ ला पडला तोही असाच, खालच्या मजल्याच्या सांध्यात पुरेशा रिंगाच नाहीत, वरचा मजला खालच्यावर बसला, ४२ माणसं गेली. त्यात पडला तो भाग खाडीच्या मऊ गाळावर, आणि गाळात हादरा वाढतो. त्या संध्याकाळी बेसबॉलची मोठी मॅच होती म्हणून रस्त्यावर गाड्या तरी कमी होत्या.

दुसरी गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) कधीकधी पिलरला फारसं काही होत नाही, वरचा गर्डरच, म्हणजे रस्ता पेलणारी आडवी तुळईच, पिलरवरच्या टेकणीवरून घसरते. ओकलंडच्याच त्या भूकंपात तिथून सॅन फ्रान्सिस्कोला जाणाऱ्या बे ब्रिजचे बोल्ट तुटले आणि वरच्या डेकचा १५ मीटरचा तुकडा खाली आला. टेकण जरा रुंद ठेवली, दोन गर्डर केबलने बांधले तर बराचसा धोका टळतो, तसा स्वस्तातला इलाज आहे.

आपल्याकडे २००१ च्या भूज भूकंपात कच्छला जाणाऱ्या रस्त्यावरचा सुरजबारीचा पूल कोसळला नाही, पण बेअरिंगना, म्हणजे गर्डर ज्यांवर टेकतो त्या आधारांना, मार बसला, आणि मदत नेणाऱ्या गाड्यांचा रस्ता तोच. अशा वेळी पुलाच्या दोन्ही टोकांचा मातीचा भरावही खचतो, पूल धडधाकट उभा आणि चढायलाच पायरी झालेली, अँब्युलन्स चढणार कशी? म्हणून तिथे भरावावर अप्रोच स्लॅब, म्हणजे रस्ता आणि पूल जोडणारी काँक्रीटची लादी, टाकतात, माती खाली बसली तरी गाडी निदान हळूहळू वर चढू शकते.