पनवती दगडाचं गाव

तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. 'पिचब्लेंड', म्हणजे युरेनियम असलेला काळा दगड, हा शब्द फळ्यावर किती वेळा लिहिला असेल, मोजदाद नाही. पण तो दगड निघाला कुठून, हे एकाही पोराने विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही हा प्रश्न कधी पडला नव्हता. यंदा लेकीकडे जर्मनीला गेले होते. तिथून सीमा ओलांडून चेक प्रजासत्ताकातल्या याखिमोव्हला जाऊन आले.

गाव म्हणजे एका अरुंद दरीतून वर चढत जाणारा एक लांबलचक रस्ता. खाली स्नानगृहं आणि हॉटेलं, वर जुनं गाव. वस्ती जेमतेम दोन-अडीच हजारांची. वरच्या भागात काही घरं इतकी मोडकळीला आली आहेत की खिडकीतून आभाळ दिसतं.

आणि हेच गाव एकेकाळी बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या पश्चिम भागात, प्रागच्या खालोखाल मोठं होतं! इथे चांदी सापडली, 1516 साली श्लिक घराण्यातल्या सरदाराने गाव वसवलं आणि लवकरच स्वतःची नाणी पाडायला घेतली. गावाचं जर्मन नाव योआखिम्सथाल, म्हणजे संत योआखिमची दरी. म्हणून नाणं 'योआखिम्सथालर'. एवढं लांब नाव बाजारात कोण घेणार? त्याचं झालं 'थालर', आणि तोंडातोंडी फिरत पुढे 'डॉलर'. टांकसाळीच्या इमारतीत आता संग्रहालय आहे.

चांदी खणताना मधेच एक काळा, जड दगड लागायचा. तो दिसला की चांदी संपली असं खाणकामगार धरून चालायचे. हाच तो पिचब्लेंड. त्यातलं 'पिच' म्हणजे जर्मनमधलं 'पेख': अर्थ डांबर, आणि बोलण्यात फुटकं नशीब. आपल्याकडे अशा दगडाला सरळ पनवतीच म्हटलं असतं. तो बाजूला फेकून द्यायचे.

पुढे त्यातल्या युरेनियमपासून काचेला पिवळा-हिरवा रंग देता येतो हे कळलं आणि पनवतीला गिऱ्हाईक मिळालं. रंग काढून उरलेला चोथा मात्र पाइनच्या जंगलात टाकून दिलेला. मेरी क्युरींनी मागवला तो हा चोथा. पॅरिसला पोत्यांतून उतरली ती तपकिरी भुकटी, तीही पाइनच्या सुयांसकट. रेडियम निघालं ते त्यातून. वर्गात मी 'टनावारी खनिज उकळलं' एवढंच सांगायचे. सुयांचं माहीत असतं तर मागच्या बाकावरचेही जागे राहिले असते.

दुसऱ्या महायुद्धानंतर गावातल्या बहुतेक जर्मनांना हाकलून दिलं. घरं रिकामी पडली त्याचं हे एक मोठं कारण. युरेनियम आता सोव्हिएत संघाच्या बॉम्बसाठी हवं होतं. खणायला राजकीय कैदी आणले: विद्यार्थी, पाद्री, अगदी जगज्जेत्या आइस हॉकी संघातले खेळाडूसुद्धा. खाणींची नावं तेवढी वाचा: रोव्हनोस्त, ब्रात्रस्त्वी, स्वोर्नोस्त. म्हणजे समता, बंधुता, एकोपा. हे कळल्यावर मी बराच वेळ बाकावर बसून राहिले.

युरेनियमचं खाणकाम 1964 साली थांबलं, पण 'एकोपा' खाण अजून चालू आहे. सोळाव्या शतकातली ही खाण आता फक्त पाणी देते. सुमारे पाचशे मीटर खोलवरून रेडॉन हा किरणोत्सारी वायू विरघळलेलं कोमट पाणी वर येतं आणि सांधेदुखीवाले त्यात वीस-वीस मिनिटं बसतात. हा उपचार 1906 पासून चालू आहे. 'रेडियम पॅलेस' हे भलंमोठं हॉटेल 1912चं. बघून वाटतं, राजवाडा चुकून दरीत उतरला. मेरीबाई स्वतः 1925 साली गावात येऊन गेल्या होत्या.

मला काही टबात बसायला मिळालं नाही. डॉक्टरांनी तपासून लिहून द्यावं लागतं, आणि मी पडले एका दिवसाची पाहुणी. लेकीने फोनवर विचारलं, "आई, गुडघ्यांसाठी बाटलीभर पाणी तरी आणतेस ना?"

म्हटलं, "अगं, रेडॉनचा अर्धायुकाल 3.8 दिवस, म्हणजे तेवढ्यात अर्धा संपतोच. आणि बूच उघडलंस की उरलंसुरलंही उडून जाईल. नववीत मीच शिकवलं होतं ना तुला?"

पलीकडून नुसतं "हं" आलं.