तुम्ही विचारलंत म्हणून: ते युद्ध आपलं होतं का?

मला जुनी नाणी जमवायचा नाद आहे. शाळा-कॉलेजात कोणी बोलावलं की डबे उचलतो आणि जातो, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली नाणी टेबलावर आली की कोणीतरी हमखास विचारतं, सर ते तर हिटलर आणि चर्चिलचं भांडण, त्यात आपला काय संबंध, इथे एक बॉम्ब तरी पडला का? कधी हाच प्रश्न दबक्या आवाजात येतो, बहुतेक वेळा कार्यक्रम संपल्यावर, "आमचे पणजोबा इंग्रजांच्या फौजेत होते, हे सांगायचं की नाही कळत नाही." माझ्या मते दोघं एकच गोष्ट विचारतायत, ते युद्ध आपलं होतं का. दर वेळी मी तुकड्या-तुकड्यात काहीतरी सांगून वेळ मारून नेतो, म्हटलं एकदा नीटच लिहावं.

बॉम्बचं म्हणाल तर जपान्यांनी कलकत्त्यावर टाकले, विशाखापट्टणमवर टाकले, महाराष्ट्रात एकही नाही. बाकीचं सांगायला मला एकच तारीख पुरते. 14 एप्रिल 1944, शुक्रवार.

त्या दुपारी मुंबईत व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज उभं होतं, इंग्लंडहून कराचीमार्गे आलेलं. पोटात जवळपास 1400 टन स्फोटकं, आणि त्याच जहाजात कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी. कापूस आणि दारूगोळा एकाच बोटीत, एरवी असं कोणी करू देणार नाही, पण युद्धात जहाजांची टंचाई, मिळेल त्यात मिळेल ते भरायचं. दुपारी कापसातून धूर निघायला लागला, बंब आले, पाणी मारणं चाललं होतं, आणि चारच्या सुमाराला पहिला स्फोट झाला, मग अर्ध्या तासाच्या आत दुसरा. आग विझवायला गेलेले 66 अग्निशमन जवान गेले, देशभर 14 एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह असतो तो त्यांच्यामुळे. एकूण मेलेल्यांचा आकडा 800 पासून 1300 पर्यंत वेगवेगळा सांगतात. मांडवी, मशीद बंदर भागात आगीचे लोळ, पेटलेला कापूस उडून घरांवर पडलेला, गोदामातलं हजारो टन धान्य खाक, आणि हे अशा वर्षी की लोक धान्याच्या दाण्यादाण्याला महाग झाले होते. माझी आजी तेव्हा गिरगावात चाळीत राहायची. खिडक्यांच्या काचांना ब्लॅकआऊटचे कागद चिकटवलेले होते म्हणून काचा फुटून अंगावर आल्या नाहीत, नुसत्या लोंबत राहिल्या असं ती सांगायची. अख्ख्या चाळीला वाटलं जपानी आले. शेजारच्या बिऱ्हाडाने ट्रंक बांधली आणि त्याच संध्याकाळी गावची गाडी धरली म्हणे. जहाजात सोन्याच्या विटाही होत्या, एकेक सुमारे साडेबारा किलोची, त्यातली एक डॉकपासून लांब एका पारशी गृहस्थाच्या व्हरांड्यात येऊन पडली आणि त्यांनी ती परत केली. (हा किस्सा सांगितला की पोरं पहिल्यांदा मोबाईल खाली ठेवतात.)

आता त्याच दिवशी बाकी कुठे काय चाललं होतं ते बघा. धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सातारच्या प्रतिसरकारच्या, म्हणजे इंग्रजांना डावलून चालवलेल्या समांतर सरकारच्या, कार्यकर्त्यांनी, नागनाथअण्णा नायकवडी, जी. डी. बापू लाड वगैरे मंडळींनी, सरकारी खजिना लुटला, साडेपाच लाख रुपये. तिकडे मणिपूरमध्ये मोइरांगला आझाद हिंद सेनेचे कर्नल शौकत मलिक यांनी तिरंगा फडकवला. त्याच मणिपुरात जेमतेम तीन आठवडे आधी, सांगशाक नावाच्या डोंगरी खेड्यात, मराठा लाईट इन्फंट्रीची चौथी बटालियन जपान्यांशी दिवसरात्र लढली होती, इंग्रजांच्या बाजूने. इटलीत मराठ्यांच्या आणखी पलटणी जर्मनांसमोर उभ्या होत्या. नगरच्या किल्ल्यात नेहरू, पटेल, आझाद कैदेत होते. आणि दिल्लीच्या सरकारात, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात, मजूर खातं सांभाळत होते बाबासाहेब आंबेडकर, त्यांचा तो त्रेपन्नावा वाढदिवस. युद्धात इंग्रजांना साथ द्यावी असं त्यांचं उघड मत होतं, त्यामागे नाझी-फॅसिस्ट जिंकले तर काय होईल हा विचार होता आणि महार पलटणीचा जुना हिशेबही होता. पहिल्या महायुद्धात 1917 साली उभी केलेली 111 वी महार पलटण 1921 ला मोडून टाकली होती, ती 1941 च्या ऑक्टोबरात बेळगावात महार रेजिमेंट म्हणून पुन्हा उभी राहिली. कित्येक घरांसाठी तो पगाराचाही प्रश्न होता आणि मानाचाही.

एकाच शुक्रवारी आपली माणसं या सगळ्या ठिकाणी होती. ती एकमेकांच्या विरुद्ध होती म्हणून कोणाला तरी यादीतून काढून टाकायचं, हे मला जमत नाही. सातारा जिल्हा घ्या ना. प्रतिसरकार तिथलंच, नाना पाटलांचं, आणि फौजेत भरती होणारी पोरंही तिथलीच. अपशिंगे गावाला लोक आजही अपशिंगे मिलिटरी म्हणतात. एका भावाची मनीऑर्डर यायची आणि दुसरा भाऊ भूमिगतांना भाकरी पोचवायचा अशी घरं असणारच, आणि मनीऑर्डर आणणारा पोस्टमन दोघांनाही ओळखत असणार.

घरात युद्ध कळायचं कशातून, तर माझ्या मते सगळ्यात आधी पैशातून. इथे मी थोडा रमणार आहे, माझा विषय आहे. 1939 पर्यंतचा रुपया म्हणजे खणखणीत चांदी, जवळजवळ 92 टक्के. 1940 पासून चांदी आली निम्म्यावर, आणि 1947 चा रुपया निकेलचा, चांदी शून्य. लोक येडे नव्हते, त्यांनी जुने रुपये गाडग्यात टाकले, मोडीत घातले, नवे खर्चात आणले. मग सुट्ट्यांची टंचाई झाली, तांब्याला दारूगोळ्याच्या कारखान्यातून मागणी, आणि 1943 ला आला भोकाचा पैसा. आधीचा पैसा पावणेपाच ग्रॅमच्या आसपास, हा दोन ग्रॅम. मधोमध एवढं मोठं भोक की पैशाची नुसती कडाच उरलेली. हातात घेतला की वजनच लागत नाही, बोटात अंगठीसारखा घालून बघतात पोरं. पोरांच्या करगोट्यात ओवलेला, कारागिरांनी वॉशर म्हणून वापरलेला, असा मिळतो तो अजून. युद्ध काय असतं हे समजावून सांगायला माझ्याकडे याच्यापेक्षा चांगली वस्तू नाही, सरकार तुमच्या खिशातला पैसा कोरून नेतंय आणि तरी तो पैसाच आहे असं सांगतंय.

नोटांचं तर त्याहून भारी. ब्रिटनला इथून कापड, धान्य, बूट, तंबू, सगळं हवं होतं, पण रोख द्यायला पैसे नव्हते. मग पद्धत अशी की लंडनमध्ये भारताच्या नावावर स्टर्लिंग, म्हणजे ब्रिटिश पौंड, जमा झाल्याची नोंद करायची आणि त्या नोंदीच्या जोरावर रिझर्व्ह बँकेने इथे नोटा छापायच्या. म्हणजे माल आज गेला, पैसे युद्ध संपल्यावर बघू. युद्ध संपेपर्यंत ही उधारी हजार कोटींच्या कितीतरी पुढे गेलेली आणि चलनातल्या नोटा पाच-सहा पट झालेल्या. माल कमी, नोटा जास्त, महागाई आभाळाला. मार्च 1942 मध्ये रंगून पडलं आणि ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला, त्याची झळ सगळ्यात भयंकर बंगालला बसली, 1943 च्या दुष्काळात तीसेक लाख माणसं गेली. तिथे शत्रूच्या गोळीची गरजच पडली नाही. मुंबईत त्याच वर्षी रेशनिंग सुरू झालं आणि रांग नावाची गोष्ट आपल्या आयुष्यात कायमची आली. आजी म्हणायची, कार्डावर जे मिळेल ते मुकाट शिजवायचं, भात खाणाऱ्यांच्या ताटात ज्वारी यायची आणि वर कोणी नाक मुरडलं तर तिची सासू म्हणायची, हिटलरला विचार. गिरण्या दिवसरात्र चालू आणि तरी नेसायला लुगडं मिळेना, कारण कापड निघालं होतं लष्कराकडे.

आणि कोल्हापूर! हे सांगितलं की लोकांना मी थापा मारतोय असं वाटतं. 1943 पासून 1948 पर्यंत कोल्हापूरजवळ वळिवड्याला पाचेक हजार पोलिश माणसं राहत होती, जास्त करून बायका आणि मुलं. रशियनांनी त्यांना पोलंडमधून उचलून सायबेरियात नेलं, तिथून सुटून इराण, मग कराची, मग थेट पंचगंगेच्या काठी. त्यांची शाळा, चर्च, नाटकं सगळं तिथे. कोल्हापुरात त्यांचं स्मारक आहे, कधी गेलात तर महावीर गार्डनमध्ये बघा.

पहिलं महायुद्ध आपण त्याहून जास्त विसरलोय. इराकमधल्या कुत-अल-अमाराला 1915 च्या डिसेंबरपासून जी फौज तुर्कांच्या वेढ्यात अडकली तिचं नावच सहावी पूना डिव्हिजन होतं, त्यात मराठा पलटणी होत्या. जवळपास पाच महिने वेढा, शेवटी घोडे कापून खायची वेळ, आणि बरेच हिंदी शिपाई ते मांस तोंडात घालायला तयार नव्हते, धर्माचा प्रश्न, गावी गेल्यावर जातवाले काय म्हणतील हा प्रश्न. उपासमार, स्कर्व्ही. 29 एप्रिल 1916 ला शरणागती, सुमारे 13,000 माणसं कैदेत, आणि वाळवंटातून चालवत नेलं त्यात किती मेली. त्यांचे सेनापती टाउनशेंड मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिले, ही गोष्ट वाचली की माझं डोकं अजून फिरतं. युद्ध संपत आलं तेव्हा 1918 च्या जूनमध्ये मुंबई बंदरातून इन्फ्लुएंझा आत आला, आणि देशात मेलेल्यांचा आकडा बहुतेक अभ्यासक एक कोटीच्या पुढचाच सांगतात. फौजेतले हिंदी शिपाई मेले होते साधारण 74,000. म्हणजे लढायला न गेलेल्यांनीच कितीतरी पट जास्त मोजलं.

आता पणजोबा. मला विचाराल तर बिनधास्त सांगा. तुमचे पणजोबा भरती झाले तेव्हा त्यांच्यासमोर हिटलर नव्हता आणि इंग्लंडचा राजाही नव्हता, महिन्याला 16-18 रुपये पगार, जेवण, कपडे आणि घरी जाणारी मनीऑर्डर होती. कोकणातल्या, घाटावरच्या कोरडवाहू घराला नियमित रोकड म्हणजे काय हे आज पगार अकाउंटला पडणाऱ्या माणसाला नाही समजणार. गद्दार वगैरे शब्द आपण नंतर घरात बसून शोधले. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, बावीस वर्षांचे, 10 जुलै 1944 ला इटलीत टायबरच्या खोऱ्यात. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधली बाकीची सगळी पडली, ते एकटे धावत गेले, ग्रेनेड टाकला, टॉमीगन चालवली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना मारलं, आणि मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळाला, तो मरणोत्तर. त्यांची कबर नाही, समाधी नाही, इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे आणि माणगावात पुतळा. नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव एप्रिल 1945 मध्ये सेनिओ नदीवर दोन जखमी सोबत्यांना गोळीबारातून बाहेर काढून परत फिरले आणि त्यांनी तीन मशीनगन चौक्या बंद केल्या. ते वाचले, व्हिक्टोरिया क्रॉस घेऊन परत आले, 1984 पर्यंत होते. यातल्या कोणाला साम्राज्याचा हस्तक म्हणायचं असेल तर म्हणा, मी म्हणणार नाही. त्याच वेळी हेही खरं की याच फौजेच्या जोरावर इंग्रजांनी 1942 चं आंदोलन चिरडलं, आणि फेब्रुवारी 1946 ला मुंबईत याच युद्धातून आलेल्या नौसैनिकांनी बंड केलं तेव्हा इंग्रजांना कळून चुकलं की ही फौज आता आपली राहिली नाही. दोन्ही धरून चालावं लागतं, त्रास होतो, होऊ दे.

राहिला शेवटचा प्रश्न, जो हल्ली फार येतो, पणजोबांची माहिती काढायची कुठे. युद्धात वारले असतील तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर नाव शोधता येतं, फुकट. फक्त आडनाव टाकून बसू नका, आडनाव बऱ्याचदा नोंदलेलंच नसतं, नुसतं पहिलं नाव टाका, स्पेलिंग चार तऱ्हांनी करून बघा, मराठा हा शब्दसुद्धा तेव्हाच्या नोंदीत Mahratta असा लिहिलेला असतो. पुष्कळ नोंदींत वडलांचं नाव, गाव आणि बायकोचं नाव असतं, पण जिल्हे जुने आहेत, रायगड सापडणार नाही, कुलाबा बघा, आणि सांगलीकडचं गाव असेल तर सातारा. जिवंत परत आले असतील तर काम अवघड, मग घरातले डिस्चार्जचे कागद, पेन्शनचं पुस्तक, पदकं शोधा. पदकं असतील तर कड नीट बघा, पहिल्या महायुद्धातल्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण बारीक अक्षरात कोरलेली असते. आणि कृपा करून ती ब्रासोने घासू नका.