तुम्ही विचारलंत म्हणून : अमेरिकेतली क्राफ्ट बीअर इतकी कडक का?

मुलांकडे अमेरिकेत जाऊन आलेले लोक हा प्रश्न हमखास विचारतात. क्राफ्ट बीअर करणाऱ्या तिथल्या एका छोट्या ब्रुअरीत गेलो, फळ्यावर सोळा नावं, त्यातल्या निम्म्याहून जास्त आयपीए, म्हणजे कडू, वासाळ ‘इंडिया पेल एल’, उरलेल्यांत दोन-तीन काळ्याकुट्ट स्टाउट. पहिला घोट घेतला तर कारल्याचा रस. साधी, हलकी, चांगली बीअर या लोकांना करता येत नाही का?

करता येते. पण साधी बीअर करणं जास्त अवघड आहे आणि छोट्या ब्रुअरीला महागही पडतं. कडक बीअरचं तिथलं राज्य समजून घ्यायचं तर सुरुवात इथून करायला हवी.

त्याआधी शब्दांचा एक घोळ सोडवू. आपल्याकडे ‘स्ट्राँग’ म्हणजे अल्कोहोल जास्त, कडूपणा बेताचाच. अमेरिकन क्राफ्टमध्ये कडूपणा, वास आणि अल्कोहोल हे तिन्ही एकत्र चढतात. कडूपणा आयबीयूमध्ये मोजतात. ढोबळमानाने, एका लिटरमध्ये हॉप्समधलं, म्हणजे बीअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या वेलीच्या बोंडांमधलं, किती मिलिग्रॅम कडू आम्ल उतरलं तो आकडा. मोठ्या कंपन्यांची लाइट लागर (लागर म्हणजे थंडाव्यात हळूहळू आंबवलेली बीअर) १० च्या आसपास असते. अमेरिकन आयपीए ४० ते ७०. डबल आयपीए ६० ते १००, आणि अल्कोहोल साडेसात ते दहा टक्के.

हे वेड आलं कुठून? १९२० ते १९३३ च्या दारूबंदीनंतर तिथे मोठ्या कंपन्याच टिकल्या. मका-तांदूळ घालून केलेली फिकी लागर देशभर एकसारखी मिळू लागली आणि १९७० च्या दशकाअखेर ब्रुअरींची संख्या शंभराच्या आत आली. १९७५ साली मिलर लाइट देशभर विकायला आली. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत फ्रिट्झ मेटॅग यांच्या अँकर ब्रुअरीने लिबर्टी एल काढली (एल म्हणजे लागरपेक्षा उबेत, लवकर आंबणारी बीअर), कॅस्केड नावाचे नवे हॉप्स घालून. हे वाण ओरेगनमधल्या सरकारी संशोधनातून १९७२ मध्ये बाहेर आलं होतं. १९८० मध्ये कॅलिफोर्नियातल्या चिको गावच्या सिएरा नेवाडाने त्याच कॅस्केडवर पेल एल उभी केली : ५.६ टक्के, ३८ आयबीयू. आज ती मवाळ वाटते. तेव्हा ती बाजारातल्या बीअरपेक्षा कितीतरी कडू होती. नवख्याला मोठ्या कंपनीशी किमतीत लढणं शक्यच नव्हतं. पहिल्या घोटात कळेल इतकं वेगळं असणं, एवढंच त्याच्या हातात होतं.

कॅस्केडचं सुकं बोंड तळहातावर चुरडून बघा. पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी, चिकट भुकटी असते, तिला ल्युप्युलिन म्हणतात. हात गरम झाला की वास सुटतो : पपनसाची साल नखाने खरवडल्यासारखा, मागून थोडा देवदार. जर्मन हॉप्सचा वास गवत, फुलं, मिरी असा संयमी असतो. सिट्रा, मोझाइक या पुढच्या अमेरिकन वाणांत तर आंबा आणि लिचीही येते. यातले बहुतेक हॉप्स वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यातले. दारासमोर असं पीक असताना ब्रुअरने हात आखडता घ्यावा तरी का?

आता प्रत्यक्ष भांड्याकडे या. २० लिटर हेलेस, म्हणजे हलकी जर्मन लागर, करायची तर सव्वाचार किलो माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि चार टक्के अल्फा आम्लाचे, म्हणजे त्या कडू आम्लाचे, ४० ग्रॅम हॉप्स पुरतात. तेवढीच डबल आयपीए करायला सव्वासहा किलो माल्ट आणि साडेचारशे ग्रॅम साखर लागते. साखर अशासाठी की ती पूर्ण आंबते आणि शेवटी बीअर पाकासारखी जड राहत नाही. तासभर उकळायला बारा टक्के अल्फाचे ५५ ग्रॅम हॉप्स, त्यातूनच ६० आयबीयू येतात. आच बंद करताना आणखी १०० ग्रॅम, आणि आंबवण संपत आल्यावर थंड बीअरमध्ये लिटरमागे १० ते १२ ग्रॅम. एकूण हॉप्स हेलेसच्या जवळजवळ दहापट. माल्ट वाढवावाच लागतो, कारण एवढा कडूपणा पेलायला गोडी हवी. कारल्याच्या भाजीला गूळ लागतो तसं. म्हणून कडूपणाच्या मागोमाग अल्कोहोलही चढतं.

साहित्य इतकं महाग असूनही छोटा ब्रुअर आयपीएच का करतो? पहिलं कारण टँक. एल १८ ते २० अंशांना आंबते आणि दोन-तीन आठवड्यांत पिंपात जाते. लागरला दुप्पट यीस्ट लागतं, ती १० ते १२ अंशांना हळूहळू आंबते आणि मग शून्याच्या आसपास चार-सहा आठवडे पडून राहते. ७ बॅरलचा, म्हणजे सुमारे ८२० लिटरचा टँक लागरने अडवला, तर त्याच वेळात त्यातून दोन-तीन आयपीए निघाल्या असत्या. शिवाय गिऱ्हाईक आयपीएला जास्त पैसे देतं आणि लागरला कमी.

दुसरं कारण चुकांचं. साध्या वरणात मीठ जास्त झालं तर लपत नाही, मिसळीच्या कटात खपून जातं. हेलेसमध्ये उकळ कमी पडली की मक्याच्या कणसाचा वास येतो, आंबवण नीट संपली नाही की लोण्याचा, यीस्ट थकलं की हिरव्या सफरचंदाचा. लिटरमागे १२ ग्रॅम हॉप्सखाली यातलं बरंच झाकलं जातं. हा माझा तर्क नाही. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ब्लाइंड पिग ब्रुअरीत पहिली डबल आयपीए करणाऱ्या व्हिनी सिलुर्झो यांनी स्वतः सांगून ठेवलंय : यंत्रं जुनी, ओबडधोबड होती, चवीतले दोष झाकले जावेत म्हणून पहिलीच बीअर दणकट केली. पुढे त्यांच्याच रशियन रिव्हर ब्रुअरीची आठ टक्क्यांची प्लायनी द एल्डर जगभर गाजली, आणि ती निर्दोष बनवलेली बीअर आहे, हेही सांगायला हवं.

करही कडक बीअरच्या बाजूनेच आहे. ब्रिटनमध्ये १८८० पासून बीअरवरचा कर तिच्या ताकदीशी जोडलेला आहे, त्यामुळे तिथे चार टक्क्यांच्या बीअरची परंपरा टिकली. अमेरिकेत केंद्राचा कर बॅरलवर लागतो. आत चार टक्के असोत की बारा, आकडा तोच. बर्बनच्या कायद्यानेही हातभार लावला. बर्बन नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते, त्यामुळे एकदा वापरलेली २०० लिटरची पिंपं बाजारात येतात. बारा-चौदा टक्क्यांची इम्पीरियल स्टाउट त्यांत महिनोन्‌महिने मुरते. हलकी बीअर त्या लाकडात उभीच राहणार नाही.

आणि चाखण्याची पद्धत. महोत्सवात सुमारे ३० मिलिलिटरचा घोट मिळतो. वीस घोटांनंतर जिभेला मोठाच आवाज ऐकू येतो. हेलेसचा गोडवा कळायला आख्खा ग्लास लागतो. गुणांच्या याद्यांवर स्टाउट आणि डबल आयपीए वर बसतात त्या यामुळे. मला हे मनापासून खटकतं, कारण एका घोटात जिंकणारी आणि तिसऱ्या ग्लासालाही हवीशी वाटणारी अशा या दोन वेगळ्या बीअर आहेत.

दणकट बीअर सोपी असते असं मात्र समजू नका. साखरपाणी दाट असलं आणि यीस्ट किंवा सुरुवातीचा ऑक्सिजन कमी पडला की आंबवण मध्येच अडते, किंवा घशाला जाळणारी जड अल्कोहोलं तयार होतात. थंड बीअरमध्ये घातलेल्या हॉप्सबरोबर एन्झाइम्स येतात. ती यीस्टला न पचणाऱ्या साखरेचे तुकडे करतात आणि यीस्ट पुन्हा जागं होतं. कॅन भरल्यावर हे झालं तर कॅन फुगतो. गढूळ आयपीएत भरताना थोडी हवा शिरली, तरी काही आठवड्यांत तिचा सोनेरी रंग करडा होतो आणि आंब्याच्या जागी ओल्या पुठ्ठ्याची चव येते.

तेव्हा पुढच्या खेपेला फळ्यावर पिल्सनर, हेलेस, कोल्श, क्रीम एल हे शब्द शोधा. पाच टक्क्यांच्या आत आणि ३० आयबीयूच्या खाली. पुण्यातल्या मायक्रोब्रुअरीत गव्हाची बीअर आवडत असेल, तर मेन राज्यातली अलागाश व्हाइट ओळखीची वाटेल. मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रुअरींपैकी जॅक्स अ‍ॅबीचा भर लागरवर आहे, नॉचचा हलक्या बीअरवर. आयपीएचा कॅन घेताना बुडावरची तारीख बघा. दोन महिन्यांपेक्षा जुना असेल तर ठेवून द्या. चार औंसांचे छोटे ग्लास मागवलेत तर हलकीपासून सुरुवात करून स्टाउट शेवटी ठेवा, आणि ती फ्रिजमधून आली असेल तर दहा-पंधरा मिनिटं टेबलावर तशीच राहू द्या.